फ्योदोर दोस्तोयव्हस्की : हरलेले पैसे परत मिळवण्याच्या नादातली आठ वर्षे



थोरांची ओळख करून देताना आपण त्यांचा जन्म, शिक्षण, कार्य आणि पुरस्कार सांगतो. आज ज्यांच्याविषयी लिहितेय त्यांचं कार्य जगाला माहीत आहे. 'गुन्हा आणि शिक्षा'सारखी कादंबरी लिहिणारे रशियाचे महान लेखक फ्योदोर दोस्तोयव्हस्की. पण मला त्यांच्या आयुष्यातल्या एका वेगळ्याच गोष्टीविषयी लिहायचं आहे. माणसाच्या मनातले कानेकोपरे ज्यांना इतके स्वच्छ दिसत होते, त्या माणसाला जुगाराच्या टेबलावरून उठता येत नव्हतं. का येत नव्हतं, हे हल्लीचे मानसशास्त्रज्ञ बऱ्यापैकी समजावून सांगू शकतात. हातात मोबाइल असलेल्या मुलांच्या आईवडिलांना आणि शिक्षकांना ते माहीत असायला हवं असं मला वाटतं.

आधी थोडक्यात पूर्वायुष्य. जन्म 11 नोव्हेंबर 1821, मॉस्को. वडील गरिबांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. आई 1837 मध्ये गेली, दोन वर्षांनी वडीलही गेले. सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी अभियांत्रिकी शाळेत शिक्षण झालं, पण मन लिहिण्यात. 1846 मध्ये पहिली कादंबरी आली आणि नाव झालं. पुढे सरकारला न आवडणाऱ्या एका चर्चामंडळात ते जायचे, म्हणून 1849 मध्ये अटक झाली आणि मृत्युदंड सुनावला गेला. डिसेंबरच्या थंडीत चौकात नेलं, पहिल्या तिघांना खांबांना बांधलं, बंदुका रोखल्या. दोस्तोयव्हस्की पुढच्या तुकडीत उभे होते. तेवढ्यात झारचा माफीचा हुकूम वाचून दाखवला गेला. हे सगळं नाटक आधीच ठरलेलं होतं! मग सैबेरियात ओम्स्कच्या तुरुंगात चार वर्षं सक्तमजुरी आणि त्यानंतर सक्तीची शिपाईगिरी. 1859 च्या अखेरीस ते पीटर्सबर्गला परतले तेव्हा वय 38, सोबत फेफऱ्याचा आजार आणि खिसा रिकामा.

आता मुख्य गोष्ट.

त्या काळात रशियात जुगाराच्या अड्ड्यांना परवानगी नव्हती. जर्मनीतल्या विसबाडेन, होम्बुर्ग, बाडेन-बाडेन या गावांत मात्र गरम पाण्याच्या झऱ्यांशेजारी मोठमोठे कॅसिनो होते आणि युरोपभरचे पैसेवाले तिथे यायचे. 1863 च्या उन्हाळ्यात दोस्तोयव्हस्की पॅरिसला जाताना वाटेत विसबाडेनला उतरले आणि रुलेटच्या टेबलापाशी बसले. रुलेट म्हणजे फिरतं चाक. त्यावर 1 ते 36 आकड्यांची घरं आणि एक शून्याचं घर. गोळी कुठल्या घरात पडते त्यावर पैसे लावायचे.

पहिल्याच वेळी ते 10,400 फ्रँक जिंकले. फार मोठी रक्कम होती ती. खोलीवर येऊन त्यांनी पैसे पिशवीत घालून कुलूप लावलं आणि दुसऱ्या दिवशी गाव सोडायचं ठरवलं. पण पाय पुन्हा कॅसिनोकडे वळले आणि जवळजवळ निम्मे पैसे गेले.

इथे जरा थांबून विचार करा. त्यांच्याकडे अजून 5,000 फ्रँक होते, म्हणजे हिशेबाने ते जिंकलेलेच होते. पण मन हिशेब शून्यापासून मांडत नाही. एकदा 10,400 हातात आले की मनाच्या लेखी तीच आपली रक्कम होते आणि त्याखालचं सगळं नुकसान वाटायला लागतं. त्यातले काही पैसे त्यांनी आजारी बायकोसाठी आणि भावाला पाठवून दिले. पुढे बाडेन-बाडेनला उरलेले बहुतेक घालवले, आणि पाठवलेल्यातलेच पैसे परत मागवायची पाळी आली.

डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये एक प्रसिद्ध लेख लिहून हा हिशेब नीट मांडला. शंभर रुपये मिळाल्याचा जेवढा आनंद होतो, त्याच्या साधारण दुप्पट दुःख शंभर रुपये गेल्याचं होतं. ही नुकसानीची धास्ती झाली. आता कोणी म्हणेल, नुकसानीची एवढी धास्ती असेल तर माणूस जुगार खेळेलच कशाला? खरं आहे. जोवर काही गेलेलं नाही तोवर हीच धास्ती आपल्याला सांभाळते. पण एकदा गेलं की ती उलटी फिरते. गेलेलं मान्य करून घरी जाणं म्हणजे ते दुःख पक्कं करणं. त्यापेक्षा आणखी मोठा धोका पत्करून बरोबरीला यायची आशा गोड वाटते. म्हणजे जी भीती आत जाऊ देत नव्हती, तीच आता बाहेर पडू देत नाही. वर्गात हे सांगायला फार लांब जायला नको. मधल्या सुट्टीत गोट्या खेळताना ज्याच्या चार गोट्या गेल्यात त्याच्याकडे बघा. घंटा झालेली सगळ्यांना ऐकू येते, त्याला येत नाही. आणि आपल्याकडे तर द्यूतात सर्वस्व हरून, ते परत मिळाल्यावरही, पुन्हा फासे टाकायला बसलेल्या धर्मराजाची गोष्ट शेंबड्या पोरालाही माहीत असते.

दोस्तोयव्हस्कींची स्वतःची समजूत मात्र वेगळी होती. डोकं थंड ठेवलं, मोह आवरला, तर रुलेटमध्ये हरणं अशक्य आहे असं ते पत्रांतून कळवत असत. आपण हरतो ते फक्त अधीर होतो म्हणून, अशी त्यांची खात्री होती. गणित शिकवणाऱ्यांना यातली चूक लगेच दिसेल. एका आकड्यावर एक रुपया लावला आणि तो लागला तर लावलेला रुपया धरून 36 रुपये मिळतात. घरं मात्र 37. सगळ्या घरांवर एकेक रुपया ठेवला तरी 37 देऊन 36 परत येणार. तुम्ही शांत असा नाहीतर संतापलेले असा, चाकाला काही फरक पडत नाही.

पोकर या पत्त्यांच्या खेळात मात्र पडतो. तिथे पानं नशिबाची असली तरी कधी पैसे लावायचे आणि कधी पानं टाकून द्यायची हे कौशल्य असतं, शांत राहणाऱ्याला खरंच फायदा होतो. दोस्तोयव्हस्की एक प्रकारे चाकाशी पोकर खेळत होते. गंमत अशी की जिथे शांतपणाला किंमत आहे तिथेही तो टिकत नाही. 2009 साली अमेरिकेतल्या गॅरी स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या रकमेच्या ऑनलाइन पोकर डावांच्या नोंदी तपासल्या. मोठी रक्कम हरल्यानंतर चांगले मुरलेले खेळाडूसुद्धा कमी सावधपणे खेळू लागतात, एरवी टाकून दिली असती अशा पानांवर पैसे लावतात, असं त्यांना दिसलं. पोकरवाल्यांत या अवस्थेला टिल्ट म्हणतात. नियम सगळे पाठ असतात, फक्त त्या वेळी उपयोगी पडत नाहीत.

1864 हे वर्ष वाईट गेलं. पत्नी मारिया क्षयाने गेल्या आणि तीन महिन्यांत भाऊ मिखाईल. भावाची कर्जं आणि त्याचं कुटुंब दोस्तोयव्हस्कींनी आपल्या अंगावर घेतलं. कायद्याने तसं बंधन होतं असं नाही, पण घेतलं. जुगारी म्हणजे बेजबाबदार माणूस असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. सावकार दारात येऊ लागले तेव्हा 1865 मध्ये स्तेलोव्हस्की नावाच्या प्रकाशकाशी त्यांनी 3,000 रूबलचा करार केला. अट अशी, की 1 नोव्हेंबर 1866 पर्यंत नवी कादंबरी द्यायची. नाही दिली तर पुढची नऊ वर्षं ते जे लिहितील ते प्रकाशकाला फुकट छापता येईल. मिळालेले बहुतेक पैसे कर्जातच गेले. उरलेले घेऊन ते पुन्हा विसबाडेनला गेले आणि पाच दिवसांत घड्याळासकट सगळं हरले. हॉटेलवाल्याने जेवण बंद केलं, नुसता चहा मिळायचा. संध्याकाळी मेणबत्तीसुद्धा देईनात. लेखक तुर्गेनेव्ह यांच्याकडे त्यांनी पत्राने 100 थालर मागितले, 50 आले. त्या अंधाऱ्या खोलीत, उपाशीपोटी, कर्जाने गांजलेल्या एका तरुणाच्या हातून झालेल्या खुनाची कादंबरी त्यांच्या मनात आकाराला येत होती. तीच 'गुन्हा आणि शिक्षा'. यावरून दुःखातूनच कला जन्मते वगैरे म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही. पोटभर जेवून त्यांनी आणखी दोन कादंबऱ्या लिहिल्या असत्या, कोणी सांगावं?

ऑक्टोबर 1866 उजाडला तरी स्तेलोव्हस्कीच्या कादंबरीची एक ओळ झालेली नव्हती. मित्रांच्या सल्ल्याने त्यांनी लघुलिपी येणारी मुलगी मदतीला घेतली. ॲना ग्रिगोर्येव्हना स्नित्किना, वय वर्षं 20. दोस्तोयव्हस्की सांगायचे, ॲना लघुलिपीत टिपून घ्यायच्या आणि रात्री घरी जाऊन स्वच्छ प्रत करायच्या. 26 दिवसांत कादंबरी पूर्ण झाली. तिचं नाव 'जुगारी'. विषय अर्थातच रुलेट. हस्तलिखित द्यायला गेले तर प्रकाशक मुद्दाम गावाबाहेर गेलेला! शेवटी ते पोलीस चौकीत जमा करून तारीख घातलेली पावती घेतली आणि नऊ वर्षं वाचली.

या कादंबरीत जुगाऱ्याचं मन त्यांनी जितकं बारकाईने दाखवलंय तितकं क्वचितच कुणी दाखवलं असेल. हरलेला माणूस उद्या सगळं बदलेल असं रोज कसं म्हणतो, शेवटचं नाणं लावताना त्याला कशी झिंग येते, सगळं त्यात आहे. आणि ते लिहून झाल्यावर पुढची साडेचार वर्षं ते स्वतः खेळत राहिले. जाणणं आणि थांबणं यांत किती अंतर असतं ते यातून कळतं. व्यसनमुक्तीच्या दिवशी भाषण आणि चित्रकला स्पर्धा घेऊन आपलं काम झालं असं मानणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावर विचार करावा.

फेब्रुवारी 1867 मध्ये दोघांचं लग्न झालं. नातेवाईक आणि देणेकरी यांच्यापासून लांब जाण्यासाठी एप्रिलमध्ये ते परदेशी निघाले. ॲनांनी त्यासाठी आपल्या हुंड्यातल्या वस्तू गहाण टाकल्या. ड्रेस्डेनला जेमतेम स्थिरावतात तोच दोस्तोयव्हस्की चार दिवसांसाठी म्हणून एकटेच होम्बुर्गला गेले आणि दहा दिवस राहिले. रोज पत्र यायचं. आज हरलो, उद्या येतो, भाड्याला पैसे पाठव. पैसे पाठवले की तेही जायचे.

मग जुलैत दोघं बाडेन-बाडेनला गेले. तिथले सात आठवडे ॲनांनी आपल्या वहीत लघुलिपीत टिपून ठेवले आहेत, म्हणून आपल्याला ते दिवसवार कळतात. ॲनांना दिवस गेलेले, उलट्या होत असायच्या. भाड्याच्या खोलीखाली लोहाराचं दुकान, पहाटेपासून घण सुरू. नवरा थोडी सोन्याची नाणी घेऊन जायचा, तासाभरात रिकाम्या हाताने यायचा, आणखी मागायचा. कधी जिंकून फळं, फुलं घेऊन यायचा आणि संध्याकाळी तेही पैसे नेऊन घालवायचा. लग्नाच्या अंगठ्या गहाण गेल्या. नवऱ्यानेच लग्नात दिलेली कर्णफुलं आणि ब्रोच गेली, मग दोघांचे कपडे. कधी एखादी वस्तू सोडवून आणायची, दोन दिवसांनी परत तिथेच. दोस्तोयव्हस्की गुडघ्यावर बसून रडायचे, स्वतःला चोर म्हणायचे आणि डोळे पुसून पुन्हा पैसे मागायचे. गाव सोडायच्या दिवशीसुद्धा गाडीला वेळ आहे म्हणून ते कॅसिनोत जाऊन हरून आले.

ॲना रागवत नसत. सुरुवातीला त्यांनाही आश्चर्य वाटायचं, की तुरुंग, फाशीची वेदी, मुलाबाळांसारख्या भावाचा मृत्यू इतक्या धैर्याने सोसलेल्या माणसाला एवढा संयम का नसावा. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की हा इच्छाशक्तीचा प्रश्न नाही, हा आजार आहे, आणि बोलून तो जाणार नाही. आज डॉक्टर जुगाराच्या व्यसनाला आजारच म्हणतात. ॲनांनी ते वीस-एकविसाव्या वर्षी, कुठलंही पुस्तक न वाचता ओळखलं होतं. त्यांनी आणखीही एक ओळखलं. सगळं हरल्यावर, लावायला काहीच उरलं नाही की नवरा लिहायला बसतो आणि चांगलं लिहितो.

पुढच्या वर्षी जिनिव्हात पहिली मुलगी सोन्या जन्मली आणि तीन महिन्यांची होऊन गेली. त्या दुःखाविषयी इथे जास्त लिहीत नाही. स्वित्झर्लंडमधल्या एका कॅसिनोतही त्यांच्या फेऱ्या झाल्या, आणि त्याच काळात 'इडियट' ही कादंबरी लिहून झाली.

एप्रिल 1871. पुन्हा ड्रेस्डेन. नवी कादंबरी अडली होती, दोस्तोयव्हस्की उदास, फेफऱ्याचे झटके चालू. ॲनांना पुन्हा दिवस गेलेले, घरात लहान मुलगी. शिल्लक 300 थालर. अशा वेळी ॲनांनी आपणहोऊन रुलेटचा विषय काढला आणि 100 थालर देऊन त्यांना विसबाडेनला जायला सांगितलं. ते हरणार याची त्यांना खात्री होती. नंतर त्यांनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे, की पैसे जिंकून येतील अशी आशा त्यांना अजिबात नव्हती आणि त्या 100 थालरवर त्यांनी आधीच पाणी सोडलं होतं. हवापालट होऊन मन मोकळं व्हावं एवढंच मनात होतं.

मानसशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर त्या घरात नुकसानीच्या धास्तीतून मोकळी झालेली ही एकच व्यक्ती होती. 100 थालर ॲनांच्या हिशेबात गेलेलेच होते, त्यामुळे ते भरून काढायची घाई नव्हती. दोस्तोयव्हस्कींच्या हिशेबात मात्र आठ वर्षांपूर्वीचे फ्रँकसुद्धा अजून परत यायचे होते.

ते गेले आणि हरले. परतीच्या भाड्यासाठी ॲनांनी 30 थालर पाठवले. त्या आधीच्या रात्री त्यांच्या स्वप्नात वडील आले होते, आणि त्यांच्या मते वडील स्वप्नात आले की संकट येतं. काही दिवसांपूर्वी ॲनांचे केस पांढरे झाल्याचंही स्वप्न पडलं होतं. एवढं होऊनही ते 30 थालर त्यांनी टेबलावर ठेवले, आणि तेही गेले. रात्री साडेनऊच्या सुमारास ते बाहेर धावत सुटले. विसबाडेनमध्ये एक रशियन पाद्री होते, 1865 च्या उपासमारीत त्यांनीच मदत केली होती. अंधारात अनोळखी गल्ल्यांतून रशियन चर्च समजून ते एका इमारतीपाशी पोहोचले, तर ते ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिर निघालं. अंगावर थंड पाणी ओतल्यासारखं झालं. तिथूनच ते उलटे फिरले, खोलीवर आले आणि रात्रभर ॲनांना पत्र लिहिलं. जवळजवळ दहा वर्षं छळणारं हे खूळ गेलं, हा खेळ शेवटचा, असं त्यात होतं. अशी वचनं ॲनांनी कितीतरी ऐकली होती. त्यांनी विश्वास ठेवला नाही, मुकाट्याने आणखी 30 थालर पाठवले.

या वेळी ते घरी आले. आणि नंतर कधीच खेळले नाहीत.

असं का झालं यावर बरंच लिहिलं गेलंय. फ्रॉइडने 1928 मध्ये जुगार म्हणजे त्यांनी स्वतःला दिलेली शिक्षा होती असा अर्थ लावला. काहीजण म्हणतात, 1872 च्या अखेरीस जर्मनीतले कॅसिनोच सरकारने बंद केले, मग खेळणार कुठे? पण त्याआधीचं दीड वर्ष ते उघडे होते, आणि मोंटे कार्लो तर चालूच होतं. मला स्वतःला वाटतं की घरात कुणीच ते पैसे परत मागत नव्हतं, याचा काहीतरी वाटा असणार. भरून काढायचं तरी कुणासाठी?

जुलै 1871 मध्ये ते रशियाला परतले, काही दिवसांतच मुलगा झाला. देणेकऱ्यांशी बोलणं, हप्ते ठरवणं हे सगळं ॲनांनी हातात घेतलं. 1873 पासून त्या नवऱ्याची पुस्तकं स्वतःच छापून घरातूनच विकू लागल्या. त्या काळी रशियात लेखकाच्या बायकोने असा व्यवसाय करणं नवलाचं होतं. कागदाचा भाव, छपाईचा दर, दुकानदाराला किती टक्के सोडायचे, सगळं त्यांनी चौकशी करून शिकून घेतलं. भावाची जुनी कर्जं फिटायला मात्र दोस्तोयव्हस्कींच्या आयुष्याची शेवटची वर्षं उजाडली. 1880 मध्ये 'कारामाझोव्ह बंधू' पूर्ण झाली आणि 9 फेब्रुवारी 1881 रोजी त्यांचं निधन झालं.

ॲना तेव्हा 34 वर्षांच्या होत्या. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही, 1918 मध्ये याल्टा इथे त्या गेल्या. 1867 च्या त्या वह्या मागे राहिल्या. लघुलिपीत त्यांनी स्वतःच्या खुणा इतक्या घातल्या होत्या की त्या पूर्ण उलगडायला जाणकारांना विसाव्या शतकात बरीच वर्षं लागली. कोणत्या दिवशी किती नाणी दिली, किती परत आली आणि घरात किती उरली, हे बाडेन-बाडेनच्या पानापानावर लिहिलेलं आहे.